उडत्या माणसाच्या तोंडची माझी वाक्यं

उमेदीची सगळी वर्षं मी सिनेमाच्या धंद्यात काढली, पण पडद्यावर कधी दिसलो नाही आणि मशीनलाही कधी हात लावला नाही. मी सिनेमा सांगायचो. असं म्हटलं की आजची मुलं विचारतात, "म्हणजे नेमकं काय करायचे?" त्यांचंही बरोबर आहे. सिनेमा बघायचा असतो, तो सांगायचा कशाला?

तेवढं आधी समजावून देतो. आमची टुरिंग टॉकीज होती, म्हणजे तंबूतला सिनेमा. मालक उदगीरचे मन्मथआप्पा. धंदा डाळ-तेलबियांचा, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि डोक्यात सिनेमाचं वेड. हदगाव, भोकर, देगलूर अशा बाजारच्या गावांना आमचा तंबू फिरायचा आणि हिवाळ्यात माळेगावच्या जत्रेत ठाण मांडून बसायचा. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, मध्ये कनातीचं कापड आणि मागं जनरेटरची फडफड. हिंदी-मराठी सिनेमाला माझी गरज नव्हती. पण इंग्रजी सिनेमाच्या घासून निघालेल्या प्रिंट आप्पांना स्वस्तात मिळायच्या. मारामारी बघायला लोक यायचे, पण कोण कशासाठी मारतोय हे कळेना की ओरडायचे. म्हणून मशीनच्या शेजारी एक खुर्ची आणि एक माईक आला आणि त्या खुर्चीवर मी आलो. पडद्यावरची माणसं बोलायला लागली की आमचा ऑपरेटर नारायण त्यांचा आवाज खाली करायचा आणि मी माझा वर चढवायचो.

आता खरी गोम अशी की मला इंग्रजी येत नव्हतं. नांदेडच्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी. आप्पांनी मला घेताना एवढंच विचारलं होतं, "घसा दमतो का?" मी म्हणालो, "नाही." झाली नोकरी पक्की.

माझी रीत अशी होती. नवी प्रिंट आली की दुपारी कनाती पाडून नारायण ती एकदा माझ्या एकट्यासाठी चालवायचा. मी तोंडं बघायचो. कोण कुणावर चिडलाय, कोण कुणाला घाबरतो, कोण कुणाच्या ताटात जेवतो, असं सगळं. मग मी नाती ठरवायचो. आपल्या माणसाला सिनेमात सगळ्यात आधी एकच गोष्ट हवी असते, हा त्याचा कोण? ते एकदा सांगितलं की माणूस मांडी घालून बसतो. तुम्ही म्हणाल हे सगळं ठोकून दिलेलं असायचं. असायचंच. पण एक पथ्य मी पाळायचो, देगलूरला जो मेव्हणा असेल तो भोकरलाही मेव्हणाच राहायचा.

या धंद्यात सगळ्यात जास्त चालला तो उडत्या माणसाचा सिनेमा. त्याचं इंग्रजी नाव मला कधी उच्चारता आलं नाही. लोक त्याला 'कानवाल्याचा सिनेमा' म्हणायचे. एक साधा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. पण त्याला देणगी अशी की जगात कुठंही कुणी संकटात हाक मारली तर त्याला ऐकू येणार. मग तो अंगाला घट्ट हिरवा पोशाख चढवतो, पाठीला पिवळं कापड बांधतो, दोन्ही कानांवर चकचकीत गोल झाकणं लावतो आणि उडतो. तो उडाला की मी माईकवर ओरडायचो, "निघालं बगा पाव्हणं!" आणि तंबू शिट्ट्यांनी हलायचा.

त्यात एक पोरगी होती, सारखी हीरोच्या दुकानात यायची. बायांच्या बाजूला अवघड वाटायला नको म्हणून मी तिला त्याची बहीण करून टाकलं. शेवटी ती दोघं एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेतात. तिथं नारायण दरवेळी मशीनपुढं तळहात धरायचा आणि पडदा काळा व्हायचा. तेवढ्यात मी म्हणायचो, "बहिणीनं भावाला ओवाळलं." बाया समाधानानं उठायच्या.

मग भूकंप झाला.

किल्लारीकडच्या गावांचं काय झालं ते मी सांगायला नको. माळवदाची घरं होती. दगडाच्या भिंती आणि वर मातीचं ओझं, माणसं झोपेत असताना सगळं खाली आलं. काही आठवड्यांनी माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागली. आप्पांचे तिकडं बरेच सोयरे होते. ते जाऊन आले आणि मला म्हणाले, "इस्माईल, लोकं नुसती बसून हायत. खायला आलंय, पांघराय आलंय, पर बसून काय करावं? दोन घटका दुसरीकडं बघू दे त्यांना. फुकट दाखवू."

"कुठला लावायचा आप्पा?"

"देशी नको. देशीत लगीन हाय, माय हाय, पाळणा हाय. लोकं रडतील. परदेशी लाव."

आमच्याकडं तेव्हा परदेशी असा एकच होता, कानवाला. मला बरं वाटलं, आणि लगेच आठवलं की त्यात एक मोठी इमारत कोसळते. नारायणला म्हणालो, "तेवढं रीळ काढून ठेव." त्यानं काढलं.

दिवेलागणीला दोन शेडच्या मधल्या मोकळ्या जागेत पडदा बांधला. माणसं आली, गुडघे पोटाशी घेऊन बसली. कुणी शिट्टी मारली नाही. मी "निघालं बगा पाव्हणं" म्हणालो तेव्हा पुढची काही पोरं हसली, बाकी सगळं गप्प. आम्ही ते रीळ गाळून पुढचं लावलं, तेव्हा मागून एक म्हातारा उभा राहिला.

"ओ माईकवाले, बिल्डिंग पडायची ऱ्हायली की."

मी विसरलोच होतो. यातल्या निम्म्या माणसांनी हा सिनेमा माळेगावला आमच्याच तंबूत बघितलेला होता. मी सांगितलं, "बाबा, तेवढी प्रिंट खराब झाली."

"खराब न्हाई झाली, तुमी काढली. आमची घरं पडताना कुनी इचारलं का, बघवतंय का म्हनून? लावा."

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी मान हलवली आणि नारायणनं रीळ चढवलं.

इमारत पडली. धूळ उडाली. कानवाला उतरला, त्यानं हात वर केला, सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि जमिनीला कान लावून आडवा झाला. जत्रेत या जागी मी म्हणायचो, "दमलं बिचारं, जरा लवंडलं." लोक खूप हसायचे. त्या दिवशी ते वाक्य मी घेतलं नाही, कारण पडद्यापुढचं सगळं माणूसही तसंच गप्प झालं होतं. एका बाईनं मांडीवरच्या लेकराच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस लवंडलेला नव्हता. तो ढिगाखालचा आवाज ऐकत होता, आणि ही माणसं त्या सकाळी अशीच जमिनीला कान लावून पडली होती. मी तो प्रसंग नाही नाही तेवढ्या वेळा बघितला होता, त्याचा अर्थ मला त्यांच्याकडून कळला.

मग कानवाल्यानं मान वर केली आणि तो काहीतरी अगदी थोडं बोलला. सगळे माझ्याकडं वळले. मला काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हणालो, "तो म्हणतोय, मला सगळ्यांचं ऐकू येतं. ज्यानं ज्यानं हाक मारली, त्याची हाक माझ्या कानापर्यंत आलीच आली."

माणसं रडायला लागली. त्या म्हाताऱ्यानं हात जोडले. एक बाई मात्र उठून शेडमध्ये निघून गेली.

सकाळी आम्ही सामान बांधत होतो तेव्हा ती आली. विशी-बाविशीची असेल, कपाळावर पट्टी. मला म्हणाली, "त्यो खरंच तसं म्हनला?"

"शब्दाला शब्द," मी म्हणालो. ती मान हलवून गेली.

ते वाक्य मी पुढं मोठ्या अभिमानानं मिरवलं. लग्नकार्यात कुणी जुना धंदा विचारला की हमखास सांगायचो.

तंबू फार दिवस टिकला नाही. घरोघरी टीव्ही आला, केबल आली, आप्पा थकले. माझा घसा शाबूत होता, तो मग शिकवणीवाल्यांनी घेतला. लातूरच्या क्लासेसचं नाव तोवर गावोगाव झालं होतं. निकाल लागला की मी ऑटोत बसून भोंग्यावर ओरडायचो, अमक्या क्लासचा अमका विद्यार्थी डॉक्टरकीला लागला. कधीकधी एकाच मुलाचं नाव मी सकाळी एका क्लाससाठी घ्यायचो आणि दुपारी दुसऱ्यासाठी. दोन्हीकडून पैसे घेताना मनात यायचं, हे सिनेमाच्या धंद्यातही आपल्याला जमलं नव्हतं.

आता माझी नातच त्या गर्दीत आहे. सना तिचं नाव. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी तिला लातूरला ठेवलंय, गेल्या वर्षी मीच पोचवायला गेलो. खोली मिळाली, आता जेवणाची सोय बघायची होती. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, मेस मावशींचीच लावा, सगळ्यात घरगुती. गेलो. पत्र्याचा मांडव, लांब बाकडी, भिंतीला वेळापत्रकं चिकटवलेली. जेवताना मी आवाज दिला, "वरण जरा इकडं येऊ द्या!" चुलीपाशी पाठमोरी बसलेली बाई गर्रकन वळली. हातातलं उलथनं तसंच होतं.

"तुमी कानवाल्याचा सिनेमा सांगायचे न्हव?"

मी तिला ओळखलं नाही. केस पांढरे झालेले, अंग भरलेलं. तिनं कपाळावरचा व्रण दाखवला तेव्हा ओळखलं. मी खूश झालो. सनाला म्हणालो, बघ, तुझ्या आजोबाचा आवाज लोक तीस-तीस वर्षं विसरत नाहीत.

"कसा इसरंल?" मावशी म्हणाली. बाकीच्या पोरी जेवून गेल्यावर ती माझ्या आणि सनाच्या समोर येऊन बसली आणि तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो.

"माळेगावला त्यो सिनेमा आमी दोघी जावांनी बघितलता. भूकंप झाला तवा मी वर निगाले, ती खालीच ऱ्हायली. अंधारात तिनं मला हाक मारली. अक्का म्हनली. मी आईकली. उजाडल्यावर खोदनारी मान्सं आली. सगळ्यास्नी गप केलं, कान लावले. कायच न्हाई. मी कान लावला. कायच न्हाई. मला म्हनले, बाई, नक्की आईकलं का? मी म्हनलं, भास झाला असंल, तुमी फुडं जावा. ती मान्सं गेली. शेजारच्या घरातून म्हातारी जित्ती निगाली. ही दुसऱ्या दिवशी सापडली." ती थांबली. "मंग तुमी सांगितलं, हाक मारली की ऐकू येतीच येती. तवापासनं मला वाटून ऱ्हायलंय, येत आसंल. माजाच कान कच्चा पडला."

मी ताट बाजूला सारलं. ज्या वाक्यावर मी खूश होतो, ते ही बाई तीस वर्षं छातीवर घेऊन फिरत होती.

"मावशी," मी म्हणालो, "मला इंग्रजी येत नाही."

"ते तवाबी ठाऊक होतं. सगळ्या जत्रंला ठाऊक होतं."

"मग त्या सकाळी मला कशाला विचारलंत?"

"दुसरं कोन होतं इचारायला?" ती म्हणाली. "आता ह्या पोरी हायत. फाडफाड इंग्रजी बोलतेत. मला त्यो खरा काय म्हनला ते ऐकायचंय."

मी खूप समजावलं. म्हटलं, जुना सिनेमा आहे, आज बघवायचा नाही, सगळं खोटं दिसेल. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. समजा माझं ठोकून दिलेलं वाक्य आणि त्याचं खरं वाक्य एकच निघालं तर? कानवाल्याचा स्वभावच तो होता, त्याला सगळं ऐकू येतं यावर तर अख्खा सिनेमा उभा होता. मग मावशीला मी कोणत्या तोंडानं दुसरं काही सांगणार? पण मी बोलेपर्यंत सनानं मोबाइलवर तो सिनेमा शोधूनही काढला होता.

रविवारी सकाळी पोरींची टेस्ट असते आणि दुपारी मेसला गोडाचं जेवण. त्या रविवारी जेवणं झाल्यावर जागेच्या मालकांच्या घरचा मोठा टीव्ही मांडवात आणला. मी पहिल्या बाकावर बसलो. पहिल्यांदाच हा सिनेमा मी माईकशिवाय बघणार होतो, आणि खोटं कशाला बोलू, भीतीइतकंच मला कुतूहलही होतं. ही माणसं इतकी वर्षं माझ्या आवाजाखाली काय बोलत होती?

हीरो उडाला आणि पोरी खिदळल्या. त्याला बांधलेली तार स्वच्छ दिसत होती. आमच्या ठिगळाच्या पडद्यावर ती कधी दिसली नव्हती. शहर पुठ्ठ्याचं होतं, एका पुठ्ठ्याची कड उसवलेलीही होती. बाईमाणूस होतं ते नुसतं किंचाळत होतं. "हिला एक तरी काम द्यायचं ना," सना म्हणाली आणि मला ते पटलं. पोरींनी मार्क द्यायला सुरुवात केली. उडण्याला शून्य, मारामारीला शून्य. एक जण म्हणाली, निगेटिव्ह मार्किंग लावलं तर हा फी परत मागेल.

मलाही धक्के बसत होते. मी ज्याला इतकी वर्षं मेव्हणा म्हणत आलो तो हीरोचा डॉक्टर निघाला. कानाचा डॉक्टर! म्हणजे हीरोच्या कानाचं काहीतरी दुखणं होतं आणि ते मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. मी सरसावून बसलो. दर मिनिटाला सनाला विचारत होतो, आता काय म्हणाला, आता काय म्हणाला. ती वैतागली. शेवटी ती इंग्रजी ऐकून मराठीत सांगायला लागली आणि मी ऐकायला लागलो.

इमारत पडली तेव्हा मावशी चुलीपासून उठून आली. हात पिठाचे होते, ते तिनं पुसले नाहीत. पुठ्ठ्याचीच इमारत, पण पोरी हसल्या नाहीत. त्यानं हात वर केला, आडवा झाला, कान लावला. पंख्याचा आवाज येत होता तो कुणीतरी बंद केला. मग त्यानं मान वर केली आणि ते थोडं बोलला. पहिल्यांदा मला त्याचा स्वतःचा आवाज ऐकू आला. दमलेला, साधा आवाज होता.

सना मावशीकडं बघायला लागली. मी म्हणालो, "सांग."

"तो म्हणतो, 'मला काहीच ऐकू येत नाहीये.'"

"पुना लाव," मावशी म्हणाली.

सनानं पुन्हा लावलं. "मला काहीच ऐकू येत नाहीये. सांगा, पुढं कुठं जाऊ?"

"त्यालाबी आलं न्हाई?"

"नाही मावशी. पुढं त्याला एक बाई हात करून दाखवते, तिकडं जा म्हणून."

आम्ही बघितलं. धुळीत उभी एक म्हातारी बाई होती. मी तिला कधी नातं दिलं नव्हतं, कारण ती एवढीच दिसायची. तिनं बोट दाखवलं आणि कानवाला पुढच्या ढिगाकडं गेला. मावशीनं बाकाची कड धरली आणि खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला, पीठ सगळं पदराला लागलं. पोरींनी सिनेमा थांबवला होता. थोड्या वेळानं ती मला म्हणाली, "तुमच्यापरीस त्यो बरा बोलला."

"हो," मी म्हणालो. खरोखरच बरा बोलला होता.

"लाव गं फुडं," ती सनाला म्हणाली. "थांबवलं कशाला?"

जुना सिनेमा आज टिकतो का, असं पोरी मला नंतर विचारत होत्या. मी धंद्यातला माणूस, मला खोटं सांगवत नाही. तार टिकली नाही, पुठ्ठा टिकला नाही, माझ्या नात्यांतलं तर एकही टिकलं नाही. शेवटी बहीण भावाला ओवाळते तिथं नारायणचा तळहात नव्हता, तेव्हा मी खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत बसलो आणि अख्खा मांडव माझ्याकडं बघून हसला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या थोडं आधीचं. सगळी माणसं वाचवून कानवाला घरी येतो. हिरवा पोशाख धुतो आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालतो. वारा येतो आणि पोशाखाची विजार उडून थेट खालच्या पोलिसाच्या डोक्यावर पडते. हे मी कधी सांगायचो नाही, सांगायची गरजच नसायची. पोरी फुटल्या. एक तर बाकावरून घसरली. आणि त्या हसण्यात एक जाड, घोगरं हसणं मिसळलं. मावशी हसत होती. डोळे अजून ओले होते आणि ती पोट धरून हसत होती.

"जत्रंतबी हितंच," ती म्हणाली. "सुमनबी हितंच हसली हुती. मांडीवर चापट्या मारून मारून."

सनानं विचारलं, "सुमन कोण मावशी?"

मावशीनं पदरानं डोळे पुसले, सरकून बसली आणि सांगायला लागली. टीव्ही चालूच होता. नारायण असता तर मी खूण केली असती, तो नव्हता म्हणून मीच उठलो आणि त्याचा आवाज खाली केला.